नंबर कुणाचा, खातं कुणाचं?

पिंपळवंडीतल्या बचत गटाची बैठक कधी आहे हे आता फोनवर कळतं. ज्या बाईचा फोन नवऱ्याच्या खिशात, तिच्या आधी ते नवऱ्याला कळतं. बाईनं स्वतःचा फोन घ्यावा, असं सांगून आपण मोकळ्या होतो. पण खोट नुसती घरात नाही, बांधणीतही आहे.

2014 साली फेसबुकनं व्हॉट्सअ‍ॅप विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते 45 कोटी लोक वापरत होते आणि इंजिनियर होते जेमतेम 32. हुशारीच ती! पण या मंडळींनी खातं बांधलं ते मोबाइल नंबरला. नंबर हीच ओळख. घरात एकच फोन असेल तर ओळख कुणाची? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या 54 बायकांकडेच स्वतः वापरायचा फोन होता.

एवढा डोलारा बदलणं सोपं नाही, असं ऐकवलं जातं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच भटक्यांना ठेचून मारलं. अफवा फोनवरूनच फिरत होत्या. त्याच महिन्यात भारतात निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आली. म्हणजे बदलता येतं. माणसं मेल्यावर!

बाईची ओळख नंबरापासून सोडवा, ही मागणी आपण लावून धरायला हवी. तोवर मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला फोनवरच्या गटात घालू नका. निरोप तिच्या घरी चालत जाऊन द्या. नवरा दारात असला, तर हळदीकुंकवाचं आमंत्रण म्हणा.