फोनचा कान आणि पाठांतराची परीक्षा

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत सांथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हांपासून मुलांचें पाठांतर फोनवरून ऐकण्याची चाल पडली. शाळा पुनः उघडल्या, परंतु ती चाल कांहीं ठिकाणीं राहिलीच. स्पर्धेसाठीं फोन लावून कविता म्हणवून घ्यावयाची, परीक्षकांनीं ती घरीं बसून फोनच्याच स्पीकरवर ऐकावयाची आणि शुद्धोच्चाराचे गुण द्यावयाचे, हा प्रकार आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

स्मार्टफोनच्या खालच्या कडेस टांचणीच्या अग्राएवढें छिद्र असतें. त्याच्या आंत मायक्रोफोन. त्यांतील सिलिकॉनचा पडदा सुमारें एक मिलिमीटर रुंदीचा असतो व आवाजानें तो हालला कीं त्याप्रमाणें विजेच्या लहरी उठतात. (त्या छिद्रांत सुई घालून केर काढणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.) एवढ्याशा वस्तूनें इतकें ऐकावें याचें आम्हांस आश्चर्यच वाटतें, तिला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं.

परंतु हा कान निवड करणारा आहे. पुष्कळ फोनांत दुसरा एक मायक्रोफोन वरच्या कडेस किंवा मागें कॅमेऱ्याजवळ असतो. बोलणाऱ्याचा आवाज खालच्यास मोठा व वरच्यास लहान ऐकूं येतो. रस्त्यावरची गडबड दोघांस जवळजवळ सारखीच. या फरकावरून यंत्र बोलणें राखतें व गडबड दाबतें. पंख्याची घरघर त्यास नकोशी असते. संभाषणास ही सोय उत्तम. पण तंबोऱ्याचा सूरही एकसारखाच चालतो, आणि कवितेंतील करुण ओळ मुलानें हळू आवाजांत म्हटली, तर तीही पुष्कळदां गडबडीबरोबर दाबली जाते.

पुढें वाटेंत आणखी काटछाट होते. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनींत सेकंदास ३०० ते ३४०० कंपनांच्या टप्प्यांतलेच आवाज पाठवीत. 'स'चा सुस्कारा बहुतांशीं ४००० च्या वरचा! नव्या पद्धतींत ही मर्यादा सुमारें ७००० पर्यंत गेली आहे, तरी ती प्रत्येक वेळीं मिळतेच असें नाहीं. शेवटीं स्पीकर. तो इतका लहान कीं पुरेशी हवा हालवूं शकत नाहीं, म्हणून खर्ज हरपतो. प्रौढ पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सेकंदास १०० कंपनांच्या आसपास असतो; तो स्पीकरांतून फारसा येतच नाहीं, पण वरच्या स्वरांवरून ऐकणाऱ्याचा मेंदु तो भरून काढतो. वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटतो, त्यांत फोनइतकेंच श्रेय मुलाच्या मेंदूसही द्यावें लागेल.

स्वर असा भरून निघतो. 'साल' कीं 'शाल' हें मात्र मागच्यापुढच्या शब्दांवरून ताडावें लागतें. आणि परीक्षक ताडूं लागला, म्हणजे तो आपल्या पूर्वग्रहानें ताडतो. शहरांतील मुलाचा 'श' त्यास स्पष्ट ऐकूं येतो; खेड्यांतील मुलाच्या जिभेविषयीं संशय आधींच तयार असतो. यंत्रानें गाळलेल्या ध्वनीबद्दल त्या मुलाचे गुण कां कापावे?

अंतरामुळें गत्यंतरच नसेल, तर पंखा बंद करून, फोन मुलापासून हातभर अंतरावर ठेवून, ध्वनिमुद्रण करावें व तें परीक्षकांकडे पाठवावें. त्यांनीं तें चांगल्या हेडफोनवर ऐकावें. अर्थाचे व अभिनयाचे गुण त्यावरून खुशाल द्यावेत. उच्चाराचे गुण मुलास समोर उभें करून ऐकेपर्यंत राखून ठेवावेत.