जुनी लहान मोटार आणि मोठेपणाचा रोग

ज्या समाजांत मनुष्याची योग्यता त्याच्या दाराशीं उभ्या असलेल्या वाहनावरून ठरूं लागते, त्या समाजाच्या विचारशक्तीस कांहीं तरी विकार जडला आहे असें समजण्यास हरकत नाहीं. आमच्या मध्यमवर्गास हा विकार जडला आहे, आणि त्याचें सर्वांत स्पष्ट लक्षण म्हणजे दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या लहान, स्वस्त मोटारीविषयीं त्याच्या मनांत असलेली तुच्छता. एखाद्या शिक्षकानें किंवा कारकुनानें दीड-दोन लक्ष रुपये रोख मोजून जुनी आल्टो अथवा वॅगन-आर घरीं आणिली, कीं शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न, "नवी कां नाहीं घेतली?" तोच गृहस्थ सात वर्षांचे हप्ते गळ्यांत बांधून घेऊन बारा लक्षांची गाडी आणील, तर त्याच्या दारीं पेढे वांटले जातात! ऋण काढून सण करणारा तो कर्तबगार, आणि अंथरूण पाहून पाय पसरणारा तो दरिद्री, असें हें नवें नीतिशास्त्र आहे. त्याचा समाचार घेणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

लहान मोटार आरंभापासूनच हलकी मानली जात होती असें मात्र नाहीं. १४ डिसेंबर १९८३ रोजीं 'मारुती ८००' ची पहिली गाडी ग्राहकाच्या हातीं पडली, तेव्हां ७९६ घनसेंटिमीटरांच्या त्या तीन सिलिंडरी यंत्रास हसण्याची कोणाची छाती नव्हती. उलट नांव नोंदवून लोक वाट पाहात बसत. पुढें १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या प्रदर्शनांत एक लक्ष रुपयांची 'नॅनो' जगापुढें आली. स्कूटरवर दाटीवाटीनें बसून पावसांत भिजत चाललेलें कुटुंब पाहून तिची कल्पना सुचली, असें खुद्द रतन टाटा यांनीं सांगितलें आहे. याहून उदात्त हेतु कोणता असावा? तरी लोकांनीं ती नाकारली, आणि २०१८ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तिच्यांत दोष नव्हते असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं गाड्यांनीं पेट घेतल्याच्या बातम्यांनीं तिचें नांव बिघडलें, हेंही खरें. परंतु 'सर्वांत स्वस्त' ही पाटी तिला बाधली, हें टाटांनीं स्वतःच पुढें बोलून दाखविलें. पंचवीस वर्षांत यंत्रविद्या पुढें गेली, पण आमची लोकलज्जा तिच्याहूनही पुढें गेली, असें म्हणणें भाग आहे.

आतां थोडा हिशेब पाहूं. दहा लक्षांचें कर्ज दरसाल ९ टक्के व्याजानें सात वर्षांकरितां काढिलें, तर दरमहा सुमारें सोळा हजारांचा हप्ता बसतो, आणि नुसतें व्याजच साडेतीन लक्षांच्या घरांत जातें. म्हणजे केवळ व्याजाच्या रकमेंत एक चांगली जुनी लहान मोटार रोख येऊं शकते, व वर्ष-दोन वर्षांचें पेट्रोलही! दुसऱ्या बाजूनें, ज्या वस्तूसाठीं हें कर्ज काढावयाचें, तिची किंमत काय टिकते? विम्याच्या कोष्टकांतच पहा: सहा महिने लोटल्यावर वर्षाच्या आंत १५ टक्के घट, आणि चार वर्षें उलटून पांचवें चालू असतां ५० टक्के. पहिला मालक ही निम्मी किंमत वाऱ्यावर सोडतो. दुसरा मालक उरलेलीचे पैसे देतो, आणि वाहन मात्र पुरतें वापरतो. ज्यानें हें ओळखलें त्यास दरिद्री म्हणावें, कीं दुसऱ्यास उधळ्या म्हणावें, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

यावर प्रतिपक्षाचे तीन आक्षेप आहेत. पहिला, जुनी गाडी म्हणजे दुरुस्तीचें न संपणारें प्रकरण. हा आक्षेप डोळे मिटून खरेदी करणाऱ्यास लागू आहे. यंत्र रात्रभर थंड राहिल्यावर सकाळीं सुरू करून पाहावें. निळा धूर निघाला तर इंजिन तेल खात आहे असें समजावें. पायाखालचें आच्छादन उचलून गंज व पुराच्या चिखलाची खूण शोधावी. टायरच्या कडेवर चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे, ते वाचावे. शंभर रुपयांच्या चपला घेतांना दहा दुकानें हिंडणारे आम्ही, एक दिवस विश्वासू मिस्त्रीस बरोबर नेण्याचा कंटाळा करितों, आणि मग दोष गाडीच्या वयाला देतों!

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. २०१४ सालच्या आघात-परीक्षेंत आमच्या कित्येक लहान गाड्यांस एकही तारा मिळाला नाहीं, हें आम्ही लपवूं इच्छित नाहीं. ज्यास शक्य असेल त्यानें २०१९ च्या मध्यानंतरची गाडी पाहावी. कारण त्या वर्षापासून चालकापुढील एअरबॅग व चाकें न अडकूं देणारी ब्रेकची योजना नव्या मोटारींस सक्तीची झाली. परंतु आक्षेपक एक गोष्ट सोयीस्करपणें विसरतात. जुनी लहान मोटार घेणारा मनुष्य मोठ्या मोटारींतून उतरून तींत बसत नाहीं; तो दुचाकीवरून उतरून बसतो. २०२२ सालीं देशांत १,६८,४९१ माणसें रस्त्यांवर मेलीं, व त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरचीं होतीं. पुढें मूल, मागें बायको आणि तिच्या कडेवर दुसरें मूल, अशा त्या कुटुंबास "तारे मिळेपर्यंत थांबा" असा उपदेश दिवाणखान्यांतून करणें सोपें आहे. पावसाळ्यांतल्या खड्ड्यांतून तो पाळणें कठीण आहे.

तिसरा आक्षेप धुराचा. जुनें यंत्र शिथिल मापांनीं बांधलेलें असतें, हें कबूल. म्हणून धूर मोजावा, दोषी गाडी निःशंकपणें मोडींत काढावी. आमचें भांडण मोजमापाशीं नाहीं, तें मोजमापाऐवजीं पंचांग पाहण्याशीं आहे. दिल्ली व भोंवतालच्या प्रदेशांत डिझेलच्या गाडीस दहा व पेट्रोलच्या गाडीस पंधरा वर्षांची जी मर्यादा सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं कायम केली, तिच्यामागची हवेची चिंता खरी होती. पण वर्षें हें वापराचें माप नव्हे. पेन्शनराची पंधरा वर्षांत तीस हजार किलोमीटर चाललेली मोटार आणि पांच वर्षांत तीन लक्ष चाललेली भाड्याची गाडी यांत अधिक झिजलेली कोणती, हें सांगण्यास न्यायाधीश लागत नाहीं. इकडे १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढील मोटारीच्या पुनर्नोंदणीचें शुल्क ६०० रुपयांवरून एकदम ५,००० रुपयांवर गेलें. ज्याच्याजवळ नवी घेण्यास पैसे नाहींत, त्याच्याकडूनच जुनी ठेवण्याचा दंड घ्यावयाचा, आणि साडेचार मीटर लांबीचें धूड एकट्या मनुष्यास घेऊन पेठेंतल्या गल्लीचा श्वास कोंडतें त्यास मात्र प्रगतीचें चिन्ह म्हणावयाचें, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं.

आमच्या पक्षाच्या लोकांसही एक गोष्ट बजाविली पाहिजे. जुनी गाडी स्वस्त मिळाली म्हणून नियमही स्वस्त होत नाहींत. विक्री होतांच मालकीची नोंद बदलून घ्यावी. नोंदवहींत ज्याचें नांव, अपघाताची जबाबदारी त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. म्हणून विकणाऱ्यानेंही निष्काळजी राहूं नये. विमा व धुराचा दाखला चुकवून, गुळगुळीत टायरांवर गाडी हांकणारा मनुष्य काटकसरी नव्हे. तो आपला खर्च दुसऱ्याच्या जिवावर ढकलतो.

मोटार ही माणसें व सामान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं सुखरूप पोंचविण्याचें साधन आहे. तेवढें काम जी करिते ती पुरेशी, व जिचे पैसे चुकते झाले आहेत तीच खरी आपली. बाकीची गाडी पतपेढीची असते. आपण फक्त तिचे चालक.