छत कुणाच्या नावावर?

मे महिन्यात दोंडाईचाला घरी गेलो होतो. दुपारी बारानंतर गल्लीत माणूस दिसत नाही, पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. अब्बांनी विजेचं बिल पुढे केलं आणि म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस ना, मग ते सोलरचं बघ की."

बघितलं. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. लक्ष्य एक कोटी घरांचं, तरतूद 75,021 कोटी रुपयांची. तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तरी तीन किलोवॅटला महिन्याला साडेतीनशे युनिट होतात. आमच्या घराला एवढे लागतही नाहीत. हिशेब पाच मिनिटांत सुटला.

अडलं ते पुढे. मीटर दादांच्या नावावर, आणि दादांचा इंतकाल होऊन वीस वर्षं झाली. घर तीन भावांचं, वाटणी तोंडी. निम्मं धाब्याचं, निम्मं पत्र्याचं, आणि ते पत्रे पॅनलचं वजन पेलतील याची खात्री मला स्वतःलाच नाही. चौकशीला गेलो तिथल्या बाबूंनी शांतपणे सांगितलं, "आधी वारसांची नावं लावून आणा, मग बोलू." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नियमात जे होतं तेच ते बोलले. पण आमच्या मोहल्ल्यात हीच गोष्ट घराघरात आहे, भाडेकरूंची तर विचारूच नका. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईला छतच नाही, तिला अनुदान कशावर देणार?

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल आपण उघड बोलत नाही. अनुदान खात्यात येतं ते संच बसल्यानंतर. आधी दीड-दोन लाख उभे करायचे. बँका यासाठी कमी दराने कर्ज देतात, पण व्याजाच्या प्रश्नावरून आपल्यातली बरीच घरं तिथूनच मागे फिरतात. ते बरोबर की चूक हा वाद घरात जरूर घाला, मी घालतोच. पण धोरणात त्यावर वाट आधीच आहे: कंपनी स्वतःच्या पैशाने पॅनल बसवते आणि आपण फक्त वापरलेल्या युनिटचे पैसे देतो. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने या पद्धतीचे नियमही काढले. दोंडाईचासारख्या गावात दहा-वीस छोटी छतं घ्यायला कंपनी स्वतःहून येणार नाही. तिथे सरकारलाच उतरावं लागेल.

राज्याने 2025 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिना शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी 'स्मार्ट' योजना आणली. चांगलं केलं. पण तीही छत असलेल्याच्याच दारात जाते.

ज्यांच्या नावावर कागद आहे त्यांचं तरी सगळं सुरळीत होतं असंही नाही. दोंडाईचाजवळच विखरण आहे. तिथे औष्णिक वीज प्रकल्पासाठी जमीन घेतली गेली, पुढे तीच सौर प्रकल्पाकडे वळवली. धर्मा पाटील यांची पाच एकर त्यात गेली, मोबदला सुमारे चार लाख. शेजारच्याला आपल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त मिळाले, हे सांगत ते वर्षानुवर्षं कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिले. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी मंत्रालयातच जीव देण्याचा प्रयत्न केला आणि 28 तारखेला ते गेले. वय ऐंशीच्या पुढे होतं. फेरमूल्यांकनाची धावपळ त्यानंतर झाली. सौरऊर्जेच्या बाजूने बोलताना मला विखरण टाळता येत नाही. पॅनल स्वच्छ असतं, मोबदल्याची फाइल तशी असतेच असं नाही.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये खासगी जमीन भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ, आणि मालकी शेतकऱ्याकडेच. हा बदल मोठा आहे. मात्र त्याच शेतात निंदणीला, मिरची तोडायला जाणाऱ्या मजुराचं नाव त्या करारात कुठेच नाही. त्यात आपल्याही मोहल्ल्यातल्या बाया आहेत.

म्हणून अनुदानाची रक्कम वाढवा एवढीच मागणी मला पुरेशी वाटत नाही. मागायचं ते व्हर्च्युअल नेट मीटरिंग. एका ठिकाणी पॅनल लावायचे आणि तयार होणारे युनिट अनेक घरांच्या बिलांतून वजा करायचे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने यासाठी 2019 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या. सूर्यघरच्या नियमांतही अशा संचाला अनुदान मान्य आहे. ते तालुक्याच्या काउंटरपर्यंत आणणं हे सरकारचं काम. भाडेकरू आणि तोंडी वाटणीच्या घरांसाठी रहिवासाचा साधा पुरावा चालावा, आणि वारसांची नावं लावायला नगरपरिषदेने वॉर्डात शिबिर घ्यावं.

एक छत मात्र आपल्या हातात आहे. मशिदीचं. स्लॅब पक्का, आजूबाजूला सावली नाही, दिवसभर रिकामं. वीज लागते ती पाच वक्तांना थोडा थोडा वेळ. उरलेले युनिट मोहल्ल्यातल्या बेवा बायकांच्या बिलातून वजा झाले तर कुणाची हरकत असेल? वक्फची परवानगी वगैरे लागेल, ती मागू. जमातच्या सदरांकडे मी विषय काढला. ते म्हणाले, "आधी लिहून आण."

अर्ज लिहितो आहे. सोबत मोहल्ल्यातल्या घरांची यादी जोडतोय: मीटर कुणाच्या नावावर, तो माणूस हयात आहे का, छत कसलं, घर भाड्याचं की स्वतःचं. तुमच्या गावात अशी यादी केलीत तर मला पाठवा. महावितरणकडे आणि आमदारांकडे एकत्रच जाऊ.