घरचा हिशेब : चीनला जायचं-यायचं तिकीट



मागच्या लेखात मी पावसाळ्यातल्या कपड्यांच्या कुबट वासाबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यांची उत्तरं सवडीनं देईनच. पण त्यांत एक पत्र अगदी निराळं निघालं. कॅनबेराहून एक भगिनी लिहितात, "ह्यांना दोन वर्षांसाठी शांघायला जावं लागलं आहे. मुलांच्या शाळेमुळे मी इथंच राहिले. वर्षातून दोनदा तरी मुलांना त्यांच्या बाबांकडे न्यावं असं फार वाटतं. पण तिघांच्या तिकिटांचा आकडा पाहिला की फोन बाजूला ठेवते. तुमची बहीण चीनमध्ये असते ना? स्वस्त तिकीट शोधायचं कसं, सांगाल का?"

सांगते. पण आधी माझी फजिती ऐका. फजिती म्हणते खरी, पण तिची आठवण झाली की अजून घशाशी येतं.

माझी धाकटी बहीण ग्वांगझोला राहते. तिचे यजमान कापडाच्या खरेदीच्या कामात आहेत. २०२४च्या सप्टेंबरात तिच्या पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. घरात तीन वर्षांची लेक. आई सांगलीला. तिचे गुडघे दुखतात, आणि त्या वेळी भारतातून चीनला थेट विमान नव्हतं. तिला एकटीला विमान बदलायला लावणं बरं वाटेना. म्हणून मी जायचं ठरलं. मी मेलबर्नहून गेले म्हणजे मी भाचीला सांभाळीन आणि यजमान दवाखान्यात थांबतील, असा बेत होता.

मी तिकिटं पाहायला बसले. थेट विमानाचं जाऊन-येऊन तिकीट ७९० डॉलर. आणि एका अनोळखी साइटवर ६१० डॉलर, वाटेत एका शहरात विमान बदलायचं. १८० डॉलर वाचले! शनिवारच्या मराठी शाळेत शिकवून मला जे मिळतं, त्यात १८० डॉलर म्हणजे काही थोडेथोडके नाहीत. 'हे' म्हणाले, "नीट वाचलंस ना?" मी म्हटलं, "वाचलं हो." वाचलं नव्हतं.

ते एक तिकीट नव्हतंच. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं त्या साइटनं एकत्र जोडून दिली होती. पहिलं विमान अडीच तास उशिरा सुटलं. मधल्या शहरात बॅग आपणच उतरवून घ्यायची, इमिग्रेशनमधून बाहेर पडायचं, आणि पुन्हा नव्यानं रांगेत उभं राहायचं. माझा नंबर लागेपर्यंत दुसऱ्या विमानाचं काउंटर बंद झालं होतं. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, "तुम्ही उशिरा आलात, आम्ही काय करणार?" नियमानं तिचं बरोबर होतं. पहिल्या कंपनीनं मला ठरलेल्या शहरात पोचवलं, तिचं काम संपलं. दुसरीच्या दृष्टीनं मी वेळेवर न आलेली बाई. साइट फोन उचलेना.

नवं तिकीट काढलं ते दुसऱ्या दिवशीचं. रात्रभर बाकावर बसून होते. सकाळी बहिणीला ऑपरेशनला नेलं तेव्हा यजमान लेकीला घेऊन घरी होते, कारण तिला ठेवायचं कोणाकडे? बहीण एकटी गेली. मी संध्याकाळी पोचले. ती हसून म्हणाली, "ताई, आलीस ना, झालं तर." तिनं एका शब्दानं दुखवलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

आता हिशेब मांडते, कारण या सदराचं नावच ते आहे :

साइटवरचं तिकीट – ६१० डॉलर
जाता-येता बॅगेचे वेगळे पैसे – १२० डॉलर
चुकलेल्या विमानाऐवजी नवं तिकीट – ४१० डॉलर
एकूण – ११४० डॉलर

थेट विमान ७९०ला होतं. म्हणजे १८० वाचवायला गेले आणि ३५० जास्त घालवले. बाकावरच्या रात्रीचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत.

तर बाई, माझा पहिला सल्ला हाच, की स्वस्त म्हणजे पडद्यावरचा आकडा नव्हे. बॅग, बसायची जागा, खाणं, कार्डावरचा आकार, विमानतळापर्यंतचं भाडं हे सगळं कागदावर लिहा, बेरीज करा, आणि मगच दोन तिकिटांची तुलना करा. चिनी कंपन्यांच्या थेट तिकिटात बहुधा बॅग आणि जेवण धरलेलं असतं. स्वस्तातल्या कंपन्यांत बरेचदा हातातल्या सात किलोंपलीकडे सगळ्याचे पैसे. मुलांना घेऊन जाणाऱ्या आईला सात किलो पुरतात का, तुम्हीच सांगा.

वाटेत विमान बदलायला हरकत नाही बरं का! पण सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच बुकिंग क्रमांकाखाली हवा. मग पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय लावून देणं हे कंपनीचं काम. साइटवर 'सेल्फ ट्रान्सफर' असे दोन शब्द दिसले की तिथंच थांबायचं. ते बारीक अक्षरांत असतात, म्हणून चष्मा लावून वाचा.

आता कधी जायचं ते पाहू. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन देशांच्या सुट्ट्या मांडा. चिनी नववर्ष दर वर्षी वेगळ्या तारखेला येतं. २०२६ साली १७ फेब्रुवारीला, २०२७ साली ६ फेब्रुवारीला. आपल्याकडे गणपतीला कोकणात जायला जशी झुंबड उडते, तशी तिथं त्या सुमारास चाळीस दिवस सारा देश गावी जायला निघतो. १ मे आणि १ ऑक्टोबर या सुट्ट्यांच्या आसपासही तेच. शिवाय ऑस्ट्रेलियात शिकणारी चिनी मुलं नोव्हेंबरात परीक्षा संपली की घरी निघतात आणि फेब्रुवारीत परततात. म्हणजे डिसेंबरात जाणारी विमानं भरलेली आणि फेब्रुवारीत येणारीही भरलेली.

तुम्हाला शाळेच्या सुट्ट्यांतच जायचं आहे. मग चारपैकी एप्रिलची आणि जुलैची सुट्टी धरा. सप्टेंबर-ऑक्टोबरची सुट्टी १ ऑक्टोबरच्या गर्दीत सापडते आणि डिसेंबर-जानेवारी तर सगळ्यांत महाग. आणि सुट्टी लागली त्याच शनिवारी निघू नका. मंगळवार-बुधवारचे दर पाहा. मी २०२५च्या एप्रिलात मुलाला घेऊन पुन्हा गेले, तेव्हा शनिवारऐवजी मंगळवारी निघाल्यानं माणशी १३० डॉलर कमी पडले.

तिकीट काढायचं मंगळवारी, असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका. प्रवासाचा वार महत्त्वाचा, खरेदीचा वार नाही. गर्दीच्या दिवसांसाठी पाच-सहा महिने आधीपासून आणि एरवी तीन-चार महिने आधीपासून दर पाहायला लागा. गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर अशा ठिकाणी महिनाभराचे दर एकदम दिसतात आणि दर उतरला की कळवायची सोयही असते. मी आठवडाभर रोज एकाच वेळी दर पाहून वहीत टिपले, दूधवाल्याचा हिशेब लिहितो तसे. त्यावरून नेहमीचा दर कोणता आणि उतरलेला कोणता ते कळतं. पसंत पडला की घेऊन टाकायचा. फार वाट पाहिली की हातचंही जातं.

एक गंमत तिघांच्या तिकिटांबद्दल. विमानात एकाच वर्गातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकतात. सर्वांत स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही तीन मागितल्या, तर तिन्हींना वरचा दर दाखवतात! म्हणून आधी एका माणसासाठी दर पाहा, मग तिघांसाठी. फरक दिसला तर दोन एकत्र आणि एक वेगळं असं घेता येतं. फक्त मुलांपैकी कोणी एकटं पडू नये, आणि दोन्ही बुकिंगं एकमेकांना जोडून द्यायला कंपनीला फोन करावा.

कोणत्या शहरातून निघायचं? कॅनबेराहून सिडनीपर्यंत बस जाते, साडेतीन तासांच्या आत पोचवते. सिडनीहून चायना ईस्टर्नची थेट विमानं शांघायला जातात, प्रवास साधारण साडेदहा-अकरा तासांचा. क्वांटासनं मात्र आपली सिडनी-शांघाय सेवा २०२४च्या जुलैत बंद केली, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका. बस आणि विमान यांच्यामध्ये निदान पाच तास ठेवा. बससुद्धा वेगळं तिकीटच आहे, माझी गोष्ट विसरू नका!

उतरायचं शहरही थोडं हलवून पाहा. हांगझो किंवा नानजिंगला स्वस्त मिळालं, तर तिथून शांघायला वेगवान गाडीनं तास-दीड तासात येता येतं. माझ्या बहिणीकडे जायचं तर हाँगकाँगला उतरूनही चालतं. तिथून ग्वांगझो गाडीनं तासाभरावर. या गाड्यांची तिकिटं साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात आणि पासपोर्टावरच मिळतात. शांघायला विमानतळ दोन आहेत, पुडोंग आणि होंगछ्याओ. एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढं जायचं असेल, तर सगळं शहर ओलांडावं लागतं. स्वस्त तिकिटांत हा खोडसाळपणा लपलेला असतो.

जाऊन-येऊन तिकीट घेतलं की दोन्ही बाजू वापरायच्या. जायची बाजू चुकवली तर यायचीही आपोआप रद्द होते, असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. आणि परतीची तारीख बदलायला किती पडतात, हे घेण्याआधी वाचा. मुलाला ताप आला तर तीच ओळ उपयोगी पडते.

आता आपल्या बायकांच्या नावाचा घोळ. माझ्या एका मैत्रिणीच्या पासपोर्टावर माहेरचं नाव, आणि बँकेत, शाळेत, सगळीकडे सासरचं. सवयीनं तिकिटावर सासरचं घातलं. दुरुस्तीला पैसे तर गेलेच, वर आठवडाभर झोप नाही. तिकीट काढताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मधलं नावसुद्धा.

व्हिसाचा खर्चही हिशेबात धरा. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असेल तर २०२४च्या जुलैपासून व्हिसा लागत नाही. आधी पंधरा दिवस होते, त्या नोव्हेंबरात तीस केले, आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत जाहीर झालेली आहे. भारतीय पासपोर्टाला व्हिसा लागतो. एकाच घरात दोन तऱ्हेचे पासपोर्ट असतात, म्हणून प्रत्येकाचा पाहा. पैसे भरण्याआधी वकिलातीचा नियम पुन्हा एकदा तपासा, कारण हे नियम बदलत असतात.

मेलबर्नला बॉक्स हिल भागात चिनी वस्ती मोठी आहे. तिथल्या प्रवास कचेरीत मी सहज विचारायला गेले, तर साइटवरच्याच दराला जास्त सामानाचं तिकीट मिळालं. सिडनीत चॅट्सवूड, हर्स्टव्हिलला अशी दुकानं सापडतील. विचारायला पैसे पडत नाहीत.

निघताना तिकीट आणि पत्ता कागदावर छापून घ्या. चीनमध्ये गूगल चालत नाही आणि ऐन वेळी ई-मेल उघडत नाही. चीनच्या आतलं विमान घेणार असाल तर पॉवर बँकेवर '३सी' असा तिथला शिक्का हवा. २०२५च्या जूनअखेरीपासून त्याशिवाय नेऊ देत नाहीत.

भारतातल्या वाचकांसाठी एक ओळ. २०२५च्या ऑक्टोबरात इंडिगोनं कोलकाता-ग्वांगझो थेट विमान सुरू केलं. आई आता रोज विचारते, "मग मी जाऊ का गं?" तिच्या गुडघ्यांना विचारून ठरवू म्हटलं.

कॅनबेराच्या ताई, तुम्ही एप्रिलची सुट्टी धरा आणि वही आजच उघडा. पन्नास-शंभर डॉलर जास्त पडले तर पडू द्या, पण थेट जा. दुसऱ्या खेपेला मी थेट गेले तेव्हा तिकिटाला माणशी ७२० पडले, आणि सांगितलेल्या वेळेला दारातून बाहेर आले. समोर बहीण उभी होती, कडेवर भाची. भाची म्हणाली, "मावशी, आज तू वेळेवर आलीस." तिला मागचं काय आठवणार? आईनं सांगितलेलं असणार. आम्ही दोघी हसलो, आणि मग बराच वेळ काही बोललो नाही.

पोचल्यावर पत्र टाका. मुलांनी बाबांना पाहून काय केलं, तेही लिहा.

पुढच्या आठवड्यात राहिलेल्या कुबट कपड्यांकडे वळू!