घरांतील शास्त्र : मुका झालेला लॅपटॉप

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे आपण प्रथम तिच्यांतील दोष शोधीत नाहीं. तिला शेवटीं हात कोणीं लावला, हें शोधतों. आमच्या घरीं २०२५ च्या दिवाळींत घडलेली हकीगत याच प्रकारची आहे.

आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या मातोश्री दर रविवारीं त्याच्यावरूनच परदेशीं असलेल्या नातवाशीं बोलतात. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षिततेची नेहमींची विनामूल्य दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, आणि नवी आवृत्ति या यंत्रास पेलणारी नव्हती. म्हणून माझ्या पुतणीनें सुटींत त्याच्यावर डेबियन नांवाची लिनक्स प्रणाली बसविली. यंत्र पूर्वीपेक्षां चपळ झालें. परंतु वाय-फाय मात्र नाहींसें झालें. रविवार आला, आणि नातवाचा चेहरा न दिसतांच गेला. "चालतें यंत्र मोडून ठेवलेंस!" असें दादा तिला म्हणाले, व यापुढें तिनें त्यास हात लावूं नये असा हुकूमहि सुटला. पोर कांहीं बोलली नाहीं. पण दोन दिवस तिचें जेवणावर लक्ष नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं मीं तिला म्हटलें, "दोष कोणाचा तें मागाहून पाहूं. आधीं तो कोठें आहे, तें पाहूं."

घरांतील इतर फोन वाय-फायवर चालत होते. तेव्हां राउटर निर्दोष ठरला. आतां लॅपटॉपच्या पोटांत चार गोष्टी पाहावयाच्या राहिल्या : प्रत्यक्ष कार्ड; त्या कार्डाशीं कर्नलचें बोलणें करून देणारा ड्रायव्हर; कार्डाच्या आंतील चिमुकल्या प्रोसेसरनें चालवावयाचा कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर; आणि रेडिओ चालू ठेवण्याची मोकळीक. हा क्रम सोडून मधेंच कोठेंतरी खटपट करूं नये, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

टर्मिनल उघडून तिनें 'एल-एस-पी-सी-आय' ही आज्ञा 'वजा के' हें शेपूट जोडून दिली. यादींत कार्डाचें नांव दिसलें, व त्याच्या खालीं ड्रायव्हरचेंहि नांव होतें. म्हणजे कार्ड जिवंत होतें, आणि ड्रायव्हरहि हजर होता. कर्नलची रोजनिशी 'डी-मेसेज' या आज्ञेनें वाचतां येते; ती प्रशासकाच्या अधिकारानें उघडतांच 'फर्मवेअर सांपडलें नाहीं' अशा अर्थाची ओळ दिसली.

याचें कारण समजण्याजोगें आहे. लिनक्सचा कर्नल कोणासहि वाटतां येतो. पण कार्डाचें फर्मवेअर त्याच्या निर्मात्याच्या मालकीचें असतें. जून २०२३ मध्यें निघालेल्या डेबियन १२ पासून पुष्कळशीं फर्मवेअरें स्थापनेच्या प्रतींतच मिळतात. परंतु ज्या निर्मात्यांनीं वांटण्याची परवानगीच दिली नाहीं, त्यांचीं त्यांत घालतां येत नाहींत. आमचें कार्ड त्यांपैकींच निघालें. अशा कार्डासाठीं एक लहान पॅकेज असतें. पण तेंहि फर्मवेअर सोबत आणीत नाहीं, तर बसवितांना इंटरनेटवरून उतरवून घेतें. इंटरनेट मिळण्यासाठीं इंटरनेटच हवें, असा हा पेंच! तो सोडविण्यास राउटरपासून एक तार जोडावी, किंवा फोन यूएसबीच्या तारेनें लॅपटॉपला जोडून त्याचें 'टेथरिंग' चालू करावें. आम्हीं दुसरा उपाय केला. पॅकेजांच्या यादींत 'कॉन्ट्रिब' हा विभाग जोडून पॅकेज बसविलें, आणि यंत्र पुन्हां सुरू केलें.

कार्ड जागें झालें; तरी एकहि वाय-फाय दिसेना! पुतणीचा चेहरा पुन्हां उतरला. राहिली चौथी गोष्ट. तिनें 'आर-एफ-किल लिस्ट' ही आज्ञा दिली. उत्तरांत दोन ओळी असतात. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' म्हणजे प्रणालीनें रेडिओ बंद केला आहे. तो आज्ञा देऊन उघडतां येतो. 'हार्ड ब्लॉक्ड' म्हणजे यंत्रावरील एखाद्या खटक्यानें तो बंद आहे. तेथें बहुधा आज्ञेचें कांहीं चालत नाहीं. आमच्याकडे दुसऱ्या ओळीपुढें 'येस' होतें.

"काका, पुढच्या कडेला हा खटका आहे!" ती म्हणाली. नखानें तो उजवीकडे सरकवितांच शेजाऱ्यांच्या वाय-फायसह सारीं नांवें पडद्यावर आलीं.

आणि मग मला आठवलें. तो लॅपटॉप ओल्या फडक्यानें कडेपासून कडेपर्यंत घांसून पुसणारा मीच होतों, आणि त्यानंतर लिनक्स बसवीपर्यंत तो कोणीं उघडलाच नव्हता. रात्रीं पंगतींत मीं हें सर्वांदेखत सांगितलें. दादा कांहीं वेळ गप्प राहिले, मग पुतणीला म्हणाले, "माझ्याहि यंत्राचें एकदां बघून ठेव." तिच्या दृष्टीनें तेवढें पुरेसें होतें. पुढच्या रविवारीं मातोश्रींनीं तिला शेजारीं बसवून घेतलें.

ज्यांच्याकडे अशीं जुनीं यंत्रें आहेत त्यांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. कित्येक जुनीं कार्डें फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी ओळखतात. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्‌झवर लाविला असेल तर सर्व ठीक असूनहि त्यांस कांहीं दिसणार नाहीं. इतकेंहि करून कार्ड यादींतच दिसलें नाहीं, तर मात्र तें खरोखर निकामी झालें असण्याचा संभव आहे. तेव्हां लिनक्सवर चालणारें यूएसबीचें लहान कार्ड विचारून घ्यावें. पण यंत्र मोडींत काढण्यापूर्वीं, आणि घरांतील मुलावर किंवा मुलीवर रागावण्यापूर्वीं, ही चार पायऱ्यांची तपासणी अवश्य करावी. तिला अर्ध्या तासाहून अधिक वेळ क्वचितच लागतो.