दार मोटर उचलत नाही

अमेरिकेतल्या मराठी घराचा राबता गॅरेजमधूनच असतो. पुढचं दार उघडतं ते पाहुण्यांसाठी, दिवाळीत रांगोळी काढायला आणि गणपती घरात आणताना. चपला गॅरेजमध्ये, तांदळाची पोती गॅरेजमध्ये, जादाचा फ्रीज तिथेच आणि मखराचं सामान छताजवळच्या फळीवर. सकाळी दोन गाड्या बाहेर पडतात, संध्याकाळी दोन्ही परततात, मग कुणाचा तबल्याचा क्लास, कुणाचं पोहणं. नोकरी करणारं जोडपं आणि शाळेतली मुलं असलेल्या घरात हे दार दिवसाला सहा-आठ वेळा सहज वर-खाली होतं. इतकी ये-जा ज्यावर चालते तो भाग म्हणजे दाराच्या वरच्या आडव्या दांड्यावर बसवलेली स्प्रिंग. ती तुटेपर्यंत तिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही.

गेल्या आठवड्यात पाणी तापवायच्या टाकीबद्दल लिहिलं तेव्हा म्हटलं होतं, की घर घेताना आपण ग्रॅनाइट बघतो आणि गंजणारी वस्तू बघत नाही. स्प्रिंगची गोष्ट त्याहून वाईट आहे, कारण ती कधी तुटणार हे बिल्डरला साधारण ठाऊक असतं आणि आपल्याला कुणी सांगत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. दार मोटर उचलत नाही. दोन गाड्यांचं सोळा फूट रुंद, सात फूट उंच पत्र्याचं दार साठ-सत्तर किलोंचं असतं. आत उष्णतारोधक थर असेल तर त्याहूनही जड. छताला टांगलेली मोटर बहुधा अर्ध्या अश्वशक्तीची. तिचं काम दाराला ढकलायचं, ओढायचं, थांबवायचं. वजन पेलते ती स्प्रिंग. दार खाली येतं तसा तिच्यात पीळ भरत जातो आणि वर जाताना तोच पीळ सुटून केबलच्या मदतीने दार उचलतो. पटत नसेल तर दार बंद असताना मोटरची लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवा आणि हाताने उचला. स्प्रिंग ठीक असेल तर दार एका हाताने वर येतं आणि कमरेच्या उंचीवर सोडलं तरी जवळपास तिथेच थांबतं. खाली घसरू लागलं तर स्प्रिंग थकली आहे आणि उरलेलं ओझं मोटरवर पडतंय. ही परीक्षा अधूनमधून प्रत्येक घरात व्हायला हवी. तिला ना अवजार लागतं, ना पैसा.

तुकड्या-तुकड्यांचं, रुळावरून वर सरकणारं दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये डेट्रॉइटला आणलं. विजेवर चालणारी यंत्रणाही त्यांचीच, १९२६ची. शंभर वर्षांत दाराचं रूप पालटलं, मोटरला फोनवरून हुकूम देता येऊ लागला, पण वजन तोलण्याचं काम अजून स्प्रिंगकडेच आहे.

या स्प्रिंगचं आयुष्य वर्षांत नाही, फेऱ्यांत मोजतात. एकदा उघडून बंद केलं की एक फेरी. नव्या घरांत सर्रास बसवतात ती स्प्रिंग १०,००० फेऱ्यांची असते. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर ती सात वर्षंही पुरत नाही. आठ धरल्या तर साडेतीन वर्षांत खेळ आटोपतो. प्रत्येक फेरीत तारेला बाक येतो आणि जातो, कुठेतरी केसाएवढी चीर पडते आणि वाढत जाते. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात गाड्यांच्या चाकांबरोबर रस्त्यावरचं मीठ आत येतं आणि गंजाला हातभार लावतं. मग जानेवारीतल्या एखाद्या पहाटे घर हादरवणारा आवाज होतो. खाली जाऊन बघावं तर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये दोन बोटांची फट पडलेली आणि गाडी आत अडकलेली.

माझं म्हणणं असं, की हे असंच चालायला हवं असं नाही. तार १० टक्के जाड घेतली तर स्प्रिंगचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जवळजवळ ४६ टक्के. तो पूर्वीइतकाच ठेवायला वेढे तेवढ्याच प्रमाणात वाढवावे लागतात. दार तेच, उचल तीच, पण तारेवरचा ताण तिसऱ्या घाताने उतरून एक चतुर्थांश कमी होतो. पोलादाच्या थकव्यात एवढ्या उतारानेही आयुष्य कितीतरी पटींनी वाढतं. म्हणूनच २५,००० फेऱ्यांच्या आणि त्याहून टिकाऊ स्प्रिंगा बाजारात मिळतात. खर्च वाढतो तो पोलादाचा: माझ्या उदाहरणातली स्प्रिंग पाऊणपट जास्त जड होईल. बसवण्याची मेहनत तितकीच. बिल्डर वाचवतो ते हे थोडं पोलाद, आणि त्यापायी घरमालक दर पाच-सात वर्षांनी माणूस बोलावून पूर्ण मजुरी भरतो. ही काटकसर माझ्या मते घरमालकाशी केलेला अन्याय आहे.

मग प्रश्न येतो स्वतः बदलण्याचा. आपल्या लोकांत इंजिनिअरांची कमी नाही, मजुरीचे दर बघून हात शिवशिवतात, आणि व्हिडिओत सगळं वीस मिनिटांत होतं. या विषयात दोन टोकं आहेत. काही दुकानदार म्हणतात हात लावाल तर मराल. काही हौशी म्हणतात त्यात काय एवढं. मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून आकड्यांतच सांगतो. सत्तर किलोंचं दार, दोन स्प्रिंगा, केबल गुंडाळणारा चार इंची ड्रम, साडेसात वेढ्यांचा पीळ. दोन्ही स्प्रिंगांत मिळून साधारण ८०० ज्यूल ऊर्जा साठते. सत्तर किलोंच्या माणसाला जमिनीपासून मीटरभर वर उचलायला लागते त्याहून जास्त. आणि पीळ भरताना हाताला काय जाणवतं? पीळ भरायला स्प्रिंगच्या टोकाशी असलेल्या भोकात घालतात त्या अठरा इंची दांडीच्या टोकाला, एका स्प्रिंगमागे, अगदी शेवटीसुद्धा चार-पाच किलोंच्या आसपास. फसगत इथेच होते. हाताला हलकं लागतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. दांडी निसटली की ती सगळी ऊर्जा त्याच दांडीतून बाहेर येते, आणि समोर मनगट किंवा चेहरा असतो.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये शेजाऱ्यांकडे एका कसबी कारागिराला हे काम करताना मी जवळून पाहिलं. त्याने आधी मोटरची वायर भिंतीतून काढली, चाकाच्या वर रुळाला पकड लावून दार जागीच जखडलं. मग वीस वेढे टेपने मोजले: साडेचार इंच. वीसने भागून तारेची जाडी त्याने तोंडानेच सांगितली, ०.२२५ इंच. डावी आणि उजवी स्प्रिंग उलट-सुलट पिळाच्या असतात; अदलाबदल झाली तर पीळ भरतच नाही, म्हणून दोन्हींची टोकं त्याने पुन्हा तपासली. शिडी त्याने स्प्रिंगच्या समोर लावली नाही, बाजूला लावली. डोकं कायम दांडीच्या वाटेबाहेर. एक दांडी भोकात पूर्ण बसल्याशिवाय दुसरी निघत नव्हती. पाव-पाव वेढ्याने तीस वेळा. नव्या स्प्रिंगवर रंगाची एक सरळ रेघ होती. पीळ भरत गेला तशी ती रेघ स्प्रिंगभोवती गुंडाळत गेली आणि वेढे मोजायला वेगळी खूण लागली नाही. दांडीऐवजी स्क्रू-ड्रायव्हर घालणारे लोक भेटतात का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, भेटतात. बहुतेक बोटाला पट्टी बांधलेले."

हे बघून माझं मत पक्कं झालं. पिळाची स्प्रिंग घरी बदलू नका. काम समजायला अवघड नाही, पण त्यात चुकीला दुसरी संधी नाही, आणि सहा-सात वर्षांतून एकदा करायच्या कामात हात कधी बसत नाही. जुन्या, एका गाडीच्या दारांना दोन्ही बाजूंच्या रुळांवर ताणाच्या लांब स्प्रिंगा असतात, त्यांचं वेगळं आहे. दार पूर्ण वर नेऊन पक्कं जखडलं की त्या सैल पडतात, आणि सावध माणूस जोडीदार घेऊन त्या बदलू शकतो. मात्र स्प्रिंगच्या पोटातून जाणारी सुरक्षा-केबल ओवल्याशिवाय ते काम पुरं झालं असं समजू नये. ती नसेल तर तुटलेला तुकडा गॅरेजभर भिरकावला जातो.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना एक गोष्ट आवर्जून दाखवून ठेवा. स्प्रिंग तुटली असेल आणि दार वर उघडं असेल, तर लाल दोरीला हात लावायचा नाही. दोरी ओढताच सत्तर किलोंचं दार मोटरपासून सुटतं आणि थेट खाली येतं. बटण दाबून बघायचाही मोह नको. दाराखालून कुणी जायचं नाही, आणि कारागीर येईपर्यंत वाट बघायची.

मोटरवर चालणाऱ्या दारांखाली मुलं चिरडून मेली, तेव्हा अमेरिकेत कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३पासून बनलेल्या घरगुती मोटरींना अडथळा ओळखून दार परत फिरवणारी सोय सक्तीची झाली. रुळांजवळ जमिनीलगत दिसतात ते दोन प्रकाश-डोळे त्यातूनच घरोघर आले. कॅलिफोर्नियात २०१७च्या वणव्यांत वीज गेल्यावर काही माणसांना गॅरेजचं दार उघडता आलं नाही, त्यानंतर २०१९पासून तिथे नव्या मोटरींना बॅटरी लागते. म्हणजे नियम करता येतात. स्प्रिंगच्या बाबतीत मागणं त्याहून फार लहान आहे: छताच्या कौलांचं आयुष्य कागदावर लिहून देता, तसा फेऱ्यांचा आकडाही घराच्या कागदपत्रांत द्या. नवं घर बुक करणाऱ्यांनी तो बिल्डरला विचारावा आणि २५,००० फेऱ्यांच्या स्प्रिंगांसाठी वरचे पैसे आनंदाने मोजावेत.

जुन्या घरात एक स्प्रिंग तुटली तर दोन्ही बदलून घ्या, दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या काढलेल्या असतात. फोनवर भाव विचारताना आधी फेऱ्या विचारा. दाराचं वजन किंवा तारेची जाडी न मोजताच स्प्रिंग काढणाऱ्याला थांबवा. माझ्या ओळखीच्या एका घरी असाच एक जण अंदाजाने हलकी स्प्रिंग लावून गेला आणि वर्षाच्या आत मोटरचे दाते झिजले. काम झाल्यावर लाल दोरी ओढून दार कमरेइतकं उचलायला कारागिरालाच सांगा, ते जागेवर थांबलं की मग पैसे द्या, आणि तारीख, तारेची जाडी व फेऱ्यांचा आकडा मार्करने शेजारच्या भिंतीवर लिहून घ्या.