तेरा हजारांवर दोनशे, पाच लाखांवरही दोनशे

बडोद्याजवळच्या बाजव्यात लोक माझ्याकडे पगाराच्या स्लिपा घेऊन येतात. नोकरीतली बहुतेक वर्षं मी कंत्राटदारांची पगारपत्रकं तयार करण्यात घालवली, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. एका अंगाला फर्टिलायझरनगर, दुसऱ्या अंगाला कोयलीची रिफायनरी, पुढे रणोली आणि नंदेसरीचे रसायनांचे कारखाने. या सगळ्यांच्या मधे आमचं बाजवा स्टेशन. इथल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलं उत्तर प्रदेशातली, बिहारमधली, दाहोदकडची आणि काही आपली खानदेशातलीही. त्यांच्यातले बहुतेक जण कंत्राटी कामावर आहेत.

नंदुरबारकडचा एक मुलगा असाच स्लिप घेऊन आला होता. पगार १३,५००. पी.एफ. १,६२०, ई.एस.आय. १०२, पी.टी. २००. पी.एफ. म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. ई.एस.आय.च्या दवाखान्यात तो जाऊनही आला होता. त्याने बोट ठेवलं ते शेवटच्या आकड्यावर.

"काकू, हे दोनशे कशाचे?"

"व्यवसाय कर. इथे व्यवसाय वेरो म्हणतात. सरकारात जमा होतो."

"मग मोठ्या साहेबांचे किती कापत असतील?"

"दोनशेच."

त्याला वाटलं मी नीट सांगत नाहीये. पण उत्तर तेवढंच आहे. गुजरातमध्ये महिना १२,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर व्यवसाय कर नाही. त्याच्या वर गेलात की २०० रुपये, मग पगार तेरा हजार असो की पाच लाख. या मुलाच्या पगारातून जवळजवळ दीड टक्का जातो. पाच लाख पगाराच्या अधिकाऱ्याचा जातो टक्क्याचा पंचविसावा भाग. मुलाला जो दर लागतो तोच अधिकाऱ्याला लावला, तर दरमहा ७,४०० रुपये कापावे लागतील. शिवाय याच स्लिपेवरचे बाकीचे दोन आकडे पाहा. पी.एफ. बारा टक्के, ई.एस.आय. पाऊण टक्का, दोन्ही पगाराच्या प्रमाणात, आणि दोन्ही कामगाराच्या उपयोगाला परत येणारे. आजारपणासाठी जे कापलं जातं त्याच्या जवळजवळ दुप्पट या कराला जातं.

हे असं का आहे, त्याचं मूळ राज्यघटनेत आहे. अनुच्छेद २७६ राज्यांना व्यवसायावर कर बसवू देतो, पण एका माणसाकडून वर्षाला किती घ्यायचं याला मर्यादा घालून देतो. १९५० मध्ये ही मर्यादा २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली, आणि तेव्हापासून ती हललेली नाही. १९८८ मध्ये महिना पाच हजार मिळवणारा माणूस मोठा पगारदार समजला जाई. त्याच्यासाठी अडीच हजार ही खरोखर वरची मर्यादा होती. आज मर्यादेला सगळेच येऊन टेकलेत, आणि श्रीमंतासाठी ठेवलेलं ते छत मजुराच्या डोक्यावर आलं आहे.

राज्यांना यातही थोडी मोकळीक आहे, आणि काहींनी ती वापरली आहे. उत्तर प्रदेशात हा करच नाही. तिथून बाजव्याला आलेल्या मुलाला तो पहिल्यांदा इथे दिसतो. कर्नाटकाने २०२३ मध्ये सूट २५,००० रुपये पगारापर्यंत नेली. बिहारमध्ये वर्षाला ३ लाखांपर्यंत काही नाही, त्यापुढे उत्पन्न वाढेल तसा १,०००, २,००० आणि २,५०० असा चढत जातो. ज्या राज्यातली माणसं पोटासाठी आमच्याकडे येतात, त्या राज्याचा कायदा आमच्यापेक्षा न्याय्य आहे, हे मला बोचतं. गुजरातनेही २०२२ मध्ये बारा हजारांच्या आतल्यांचा कर काढला, ते चांगलंच झालं. पण त्यानंतर महागाई भत्ते वाढत गेले आणि बाराची रेघ तिथेच राहिली. माझ्याकडे येणाऱ्या स्लिपांत आता बारा हजारांखालची क्वचितच दिसते.

दांडिया बाजारात नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. पंगतीत करांचा विषय निघाला. चांगल्या पगाराची माणसं होती, बडोद्यात आणि पुण्यात नोकरीला असलेली. "देश आमच्या टी.डी.एस.वर चालतो, बाकीचे फुकट खातात," असं एकाने म्हटलं आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्यातला अर्धा राग मला पटतो. पगारदाराचा कर हातात पैसे पडण्याआधी कापला जातो, त्याला पळवाट नसते. २०२३-२४ मध्ये वैयक्तिक प्राप्तीकर सुमारे १०.४५ लाख कोटी जमा झाला आणि कंपनी कर ९.११ लाख कोटी. म्हणजे कंपन्या मिळून जेवढं देतात त्याहून माणसं जास्त देतात. २०१९ मध्ये कंपनी कराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला, त्याचा हा परिणाम डोळ्यांसमोर आहे.

पण "बाकीचे फुकट खातात" हे खोटं आहे, आणि ते सभ्य माणसांच्या तोंडून ऐकताना मला राग येतो. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तीकर शून्य केला. पगारदाराला तर पावणेतेरा लाखांपर्यंत. सरकारने त्यासाठी सुमारे एक लाख कोटींचं उत्पन्न सोडलं. मध्यमवर्गाला श्वास मिळाला, माझ्या स्वतःच्या भाच्याला मिळाला, मला त्याचा आनंद आहे. आता हिशोब मांडा. बडोद्यात वर्षाला १२ लाख मिळवणारा आपल्या उत्पन्नावर कर म्हणून देतो २,४०० रुपये, तेवढाच व्यवसाय कर. वर्षाला १,६२,००० मिळवणारा तो मुलगाही देतो २,४०० रुपये. उत्पन्न सातपटींहून अधिक, कर तोच. शिवाय मुलाची बहुतेक मिळकत खर्चातच जाते, आणि तो विकत घेतो त्यातल्या बऱ्याच वस्तूंवर जी.एस.टी. भरतो. मोटरसायकलमधल्या लिटरभर पेट्रोलवर त्याचा आणि मर्सिडीजवाल्याचा कर पैशापैशाने सारखा असतो. ते पेट्रोल त्याच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर तयार होतं. त्याला रेशनवर महिना पाच किलो धान्य मोफत मिळू शकतं हे मान्य, पण त्याने कर भरला नाही असं त्यावरून होत नाही.

आणि बडोद्याने तरी आपला इतिहास विसरू नये. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात पूर्वी कारागिरांवर, जातींवर, धंद्यांवर निरनिराळे वेरे होते. विणकराचा वेगळा, कुंभाराचा वेगळा. मिळकत किती याची चौकशी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते काढून त्यांच्या जागी प्राप्तीकर आणला गेला, म्हणजे ज्याला जसं मिळतं तसं त्याने द्यावं. रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये बडोद्याचे महसूलमंत्री झाले, तेव्हा लहान उत्पन्नांना या करातून सोडवण्यासाठी सुटीची मर्यादा वर नेली गेली. हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर आणि जमीनमहसुलाच्या ओझ्यावर ज्यांनी ग्रंथ लिहिले, त्यांना महाराजांनी मुद्दाम बोलावून आणलं होतं. त्या शहराच्या वेशीवर आज पुन्हा एकरकमी वेरा चालू आहे.

याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि तो महाराजांना अर्पण केला. दोन वर्षांनी मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी नेमकं हेच दाखवून दिलं होतं: शेतकऱ्याची जमीन कितीही थोडी असो, पीक येवो न येवो, त्याला सारा चुकत नाही, पण प्राप्तीकर भरणाऱ्याचं उत्पन्न मर्यादेखाली गेलं की त्याला मोकळं सोडतात. दुबळ्याला सूट नाही आणि सबळाला आहे, हा त्यांचा आक्षेप होता. शेतसारा आता नाममात्र उरला. आक्षेप मात्र व्यवसाय कराला शब्दशः लागू पडतो.

मी हा कर रद्द करा म्हणत नाही. महाराष्ट्राने १९७५ मध्ये तो आणला तो रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुराची मजुरी शहरातल्या पगारदाराच्या खिशातून यावी, हा त्यामागचा विचार मला आजही मोठा वाटतो. त्याच महाराष्ट्रात आज महिना दहा हजारांवर गेलेल्या पुरुष कामगाराकडून वर्षाला २,५०० घेतले जातात. बायकांना पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे. ज्याच्यासाठी कर आणला त्याच्यासारख्याच माणसाकडून तो वसूल होतो, याची लाज दोन्ही राज्यांना वाटायला हवी.

कुणी म्हणेल, दोनशे रुपये ते काय. बाजव्यात चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीत दोनशे म्हणजे एकाच्या वाट्याचं महिन्याचं लाइटबिल. आणि रक्कम खरंच इतकी क्षुल्लक असेल, तर राज्याने ती सोडून द्यायला अडचण कसली? तूट भरून काढायला वरची बाजू मोकळी आहे. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. शेअर वर्षभर धरून विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, घाम गाळून मिळवलेल्या मोठ्या पगारावर तीस टक्के. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला, वारशावरचा कर १९८५ मध्येच गेला. पंगतीतल्या त्या भावाला मी हेच सांगितलं: तुझा टी.डी.एस. खालच्या माणसामुळे वाढलेला नाही, नजर वर कर.

गुजरात सरकारला यातलं एक काम दिल्लीला न विचारता करता येतं. पुढच्या अर्थसंकल्पात सुटीची रेघ बारा हजारांवरून पंचवीस हजारांवर न्यावी, आणि दरवर्षी किमान वेतनाबरोबर ती आपोआप सरकत राहील अशी तरतूद करावी. दुसरं काम संसदेचं आहे. अनुच्छेद २७६ मधली २,५०० रुपयांची मर्यादा १९८८ ची आहे. ती उठवावी किंवा उत्पन्नाच्या टक्क्यांत मांडावी, म्हणजे पाच लाख पगाराच्या माणसाकडून राज्याला त्याच्या ऐपतीप्रमाणे घेता येईल. बडोद्याच्या खासदारांना आणि आमच्या आमदारांना मी हे पत्राने लिहिलं आहे. सोबत नाव खोडलेल्या दोन स्लिपा जोडल्या आहेत, एक तेरा हजारांची आणि एक पाच लाखांची.